दर शुक्रवारी पडणारी दरड

आमच्या घराचा पत्ता तीन पिढ्यांत बदलला नव्हता. चिऱ्याचं घर, तोंड खाडीकडे, मशिदीच्या मागची तिसरी पाखाडी. पोस्टमनला एवढं पुरायचं. दोन हजार सहा साली मी या घरात इंटरनेट आणलं आणि तेव्हापासून लाईट गेली की घराचा पत्ता बदलायला लागला. म्हणजे घर होतं तिथंच होतं, पण दोह्यात बसून ज्या आकड्यांनी मी ते शोधायचो, ते आकडे लाईट परत आली की नवे मिळायचे. आणि त्या वर्षांत आमच्याकडे लाईट वेळापत्रकाप्रमाणे तर जायचीच, शिवाय मनात आलं की जायची. यावरही इलाज निघाला. घराला इंटरनेटवर एक कायमचं नाव घेऊन ठेवलं, की आकडे बदलले तरी नाव तेच राहील. हे मी अब्बांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, घराला नाव ठेवायचं तर दारावर पाटी लावायची, मोहल्ल्याला तरी वाचता येईल.

मी दोह्यात एका बांधकाम कंपनीच्या कॉम्प्युटर खात्यात होतो. आमचे साहेब लोक घरच्या सोफ्यावर बसून ऑफिसातल्या फायली उघडायचे. त्यासाठी लागणारी व्हीपीएन नावाची सोय त्यांना लावून देणं हे माझं काम. एकाला घरून ऑफिसात नेऊन बसवायचं, दुसऱ्याला लंडनहून दोह्यात. पाच वर्षं लोकांना असं जागेवरून न उठवता हलवल्यावर माझ्या मनात आलं, आपण स्वतःला का हलवू नये? मला जायचं होतं रत्नागिरीला, आमच्या माजघरात. तिथं मला अम्मीचा आवाज ऐकायचा होता.

अम्मी दोन हजार चार साली गेली. फोन आला तेव्हा मी साईटवर होतो. पासपोर्ट कंपनीकडे, सही करणारा माणूस सुट्टीवर, अशा सगळ्या भानगडी उरकून मी घरी पोचलो, तोवर दफन होऊन तीन दिवस झाले होते. कबरीवरची माती सुकायला लागली होती. त्या वेळी मला रडू आलं नाही, राग आला. कोणाचा, ते अजून ठरलेलं नाही.

पण तिचा आवाज घरात शिल्लक होता, आणि तो आमच्याकडच्या एका रीतीमुळे. आखातात गेलेल्या माणसाला आमच्या मोहल्ल्यात पत्र कमी आणि कॅसेट जास्त जायची. अब्बा पंधरा वर्षं दोह्याच्या बंदरावर क्रेन चालवत होते. अम्मी त्यांना इथून कॅसेट भरून पाठवायची. कोणी जाणारा गाठायचा, कधी राजापूरचा, कधी खेडचा. खेडचा असला तर एसटीच्या कंडक्टरच्या हातापाया पडून ती त्याच्यापर्यंत पोचवायची. कॅसेट एकटी जायची नाही, सोबत सोड्यांची पुडी असायची. त्यामुळे अब्बांच्या सगळ्या कॅसेटींना शेवटपर्यंत सुक्या कोळंबीचा वास होता. ए बाजू सगळ्यांची: मी माझे मार्क सांगायचो, नापास असलो तर कविता म्हणायचो, फुपी म्हणजे अब्बांची बहीण शेजाऱ्यांची कागाळी सांगायची. बी बाजू नवरा-बायकोची. ती भरायला अम्मी माळ्यावर जायची आणि खालून कोणी हाक मारायची नाही. बी बाजूला काय होतं, असं कोणी कोणाला कधी विचारत नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण आमच्या मोहल्ल्यात नमाजाला उशीर करणारेही तो पाळायचे.

अठ्ठ्याण्णव साली अब्बा कायमचे परत आले तेव्हा त्यांच्या एका बॅगेला फार जपलं जात होतं. आल्यागेल्यांना वाटलं सोनं असेल. निघाल्या चौदा कॅसेटी. पंधरा वर्षांत चौदाच, कारण बाकीच्या त्यांनी पुसून त्यांच्यावरच जवाब भरून पाठवल्या होत्या. नव्या कॅसेटीवर खर्च कशाला, हा विचार तेव्हा दोघांनाही पटलेला.

तर दोन हजार सहाच्या सुट्टीत मी कामाला लागलो. रत्नागिरीतून सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडला, त्यात मोठी डिस्क घातली आणि त्याला मीडिया सर्व्हर असं भारदस्त नाव दिलं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, पण माझ्या डोळ्यांना तो थोरच दिसत होता. त्यात घरातले सगळे फोटो भरले, फुपीच्या मुलीच्या लग्नाची व्हिडिओ भरली आणि मग टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून वायर काढून चौदा कॅसेटी एकामागून एक आत उतरवल्या. ए बाजू मी हेडफोन लावून ऐकत उतरवली. त्या वेळी अब्बा बागेत निघून जायचे. बी बाजूची वेळ झाली की परत यायचे, हेडफोन माझ्या कानावरून काढून टेबलावर पालथा ठेवायचे आणि अर्धा तास खुर्ची टाकून पहाऱ्याला बसायचे. आम्ही बापलेक समोरासमोर बसून एका फिरणाऱ्या कॅसेटीकडे बघत राहायचो आणि तिच्यात काय चाललंय हे आमच्यापैकी एकालाच माहीत असायचं. चौदा वेळा असं झालं.

आता कोणी विचारील की एवढा खटाटोप कशाला, सगळं सीडीवर घेऊन विमानात बसायचं. खरंच, एका सीडीत काम झालं असतं. पण मग माझी विद्या दिसली कुठे असती? आणि दुसरं कारण, जे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही, ते असं की मला तो आवाज घरून यायला हवा होता. खिशात असलेला नको होता. मी हाक मारावी आणि माजघरातून उत्तर यावं, असं काहीतरी मनात होतं. पस्तिशीच्या माणसाला असल्या गोष्टी कंपनीच्या मशीनरीच्या आडून कराव्या लागतात.

मग अब्बांची शिकवणी सुरू झाली. व्हीपीएन काय ते मी त्यांना रेल्वेच्या बोगद्यावर समजावलं. दोह्याला मी एका तोंडातून आत शिरणार, बाहेर निघणार तो थेट आपल्या माजघरात, आणि मधल्या वाटेत कोणाला दिसणार नाही. अब्बांनी लगेच विचारलं, दरड पडली तर? मला हसू आलं. म्हटलं, पडू शकते, पण उचलता येते. कॉम्प्युटरबद्दल त्यांनी विचारलं, आवाज नेमका ठेवलाय कुठे? मी सांगितलं, आत एक तबकडी आहे, ती फिरते, तिच्यावर एक सुई फिरते आणि सुई वाचते तसा आवाज बाहेर येतो. समजावून सांगण्याची माझी हातोटी चांगली आहे असं कंपनीत सगळे म्हणायचे.

अब्बांना एकच गोष्ट पटत नव्हती. त्यांनी आयुष्यभर क्रेन चालवली होती आणि त्यांचा नियम होता की माणूस नसताना यंत्र चालू ठेवायचं नाही. माझ्या सर्व्हरचा तर जन्मच माणूस नसताना चालू राहण्यासाठी झालेला. त्यातून मी त्यात अशी सोय केली होती की लाईट जाऊन परत आली की तो आपोआप सुरू होईल. पहिल्याच दिवशी फुपी माजघरात केर काढत असताना लाईट आली आणि मशीन घरघरत उठलं. फुपी केरसुणी टाकून बाहेर गेली, कुराणातली आयतुल कुर्सी म्हणत आत आली आणि मशीनवर फुंकली. सर्व्हर पुढे चांगला चालला याचं श्रेय ती आजही स्वतःकडे घेते.

शेवटी तह झाला. रोज चालू ठेवायचं नाही, फक्त शुक्रवारी. दोह्याला शुक्रवारी सुट्टी. जुम्म्याची नमाज उरकून, जेवून मी दोनला बसेन, तेव्हा घरी साडेचार वाजलेले असतील. अब्बांनी साडेचारला बटणं दाबायची. मी सगळ्या वायरींना रंगीत चिकटपट्ट्या लावल्या, भिंतीवर कागद डकवला, त्यावर आकडे घालून सगळं लिहिलं आणि दोह्याला गेलो.

पहिल्या शुक्रवारी मी खोलीत कॉटवर बसलो, लॅपटॉप उघडला, बोगद्यात शिरलो आणि खरोखर माजघरात निघालो. फोल्डर दिसले. एक नंबरची कॅसेट लावली. जरा खरखर झाली आणि अम्मी सलाम करून बोलायला लागली. रातांबे वाळत घातलेत, आकाशाकडे बघतेय, तुमच्या भावाने कुंपण अजून केलेलं नाही. मी खोलीच्या दाराला कडी लावली. सोबतचे तिघे बाहेर जेवणाची भांडी वाजवत होते आणि मी आत लहान पोरासारखा रडलो. ते दोन वर्षांचं राहिलेलं काम होतं.

ते पहिल्या शुक्रवारचं झालं. माणूस सगळ्याला सरावतो. पुढच्या शुक्रवारी रडलो नाही, त्याच्या पुढच्या शुक्रवारी ऐकता ऐकता कपड्यांना इस्त्री केली. दोन महिन्यांनी असं झालं की मी कॅसेट लावून ठेवायचो आणि आंघोळीला जायचो, मासळी आणायला जायचो. अम्मी खोलीत एकटीच बोलत असायची. मला ते छान वाटायचं. घरी असतानाही मी तिचं असंच ऐकायचो, येता जाता, अर्धं कानावर आणि अर्धं वाऱ्यावर. लग्नाची व्हिडिओही एकदा लावून पाहिली, पण आमची लाईन एवढी बारीक की नवरी दारातून आत यायलाच पाऊण तास लागला, आणि तीही हिसके खात. तो नाद सोडला. आवाज तेवढा नीट यायचा.

मग दरडी पडायला लागल्या. ऐकता ऐकता आवाज तुटायचा आणि बोगदा बंद. मी घरी फोन करायचो. अब्बा शांतपणे म्हणायचे, दरड पडली असेल. पावसाळा होता, मी मान्य केलं. वीज कडाडली की आमच्याकडे सगळ्या वायरी उपसून ठेवतात, टीव्हीची, फोनची, मिक्सरची, त्यात हीही गेली असेल. पण पावसाळा संपला, दिवाळी झाली, आंब्याला मोहोर आला तरी दरडी थांबेनात. आणि निसर्गाचा कोप म्हणावा तर त्याला घड्याळ होतं. कॉम्प्युटरमधली नोंद पाहिली तेव्हा कळलं की दरड दर शुक्रवारी पाच वाजता पडते. पाच म्हणजे पाच. पाच वाजून एक मिनिट नाही.

माझ्यासारख्या हुशार माणसाला एवढं पुरे होतं. अब्बा वायर काढतायत. का? कारण शोधायलाही मला वेळ लागला नाही. बी बाजू. त्यांना वाटत असणार, अर्ध्या तासात ए बाजू संपते, त्यानंतर पोरगा बी बाजू लावील. चौदा वेळा खुर्ची टाकून पहारा केलेला माणूस दोह्यात खुर्ची टाकू शकत नव्हता, म्हणून वायर काढत होता. मला राग आला. माझ्यावर एवढाही भरवसा नाही? एका शुक्रवारी फोनवर मी बोलून गेलो, "अब्बा, बी बाजू मी ऐकत नाही. कधी ऐकलेली नाही. तुम्हाला पाहिजे तर कसम घेतो."

 मग त्यांनी फोन ठेवला. बापाशी जी गोष्ट बोलायची नसते ती मी बोललो होतो, आणि तीही फोनवर, आणि तीही आरोप म्हणून. त्यानंतर कित्येक आठवडे आमचं बोलणं तब्येत आणि हवापाणी यापलीकडे गेलं नाही. शुक्रवारी साडेचारला बोगदा उघडायचा, पाचला दरड पडायची. दोघांपैकी कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं. असं जवळजवळ वर्ष गेलं.

दोन हजार आठच्या मेमध्ये मी सुट्टीवर आलो. आल्यावर पहिल्याच शुक्रवारी मनाशी ठरवलं की आज सगळं निस्तरायचं. तिघांनी मिळून बसायचं, चहा घ्यायचा आणि अम्मीची ए बाजू ऐकायची. बापाला एवढं तर पटेल. फुपीने चहा ठेवला, सोबत सांदण केलं होतं. अब्बा खुर्चीत बसले. मी कॉम्प्युटर चालू केला आणि म्हटलं, कुठली लावू? त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उठले, चपला घातल्या आणि बागेकडे निघून गेले. चहा तसाच.

मी भडकलो. फुपीला म्हटलं, यांना अम्मीचं नावही नको झालंय का? मी तिकडे परक्या मुलुखात तिच्या आवाजावर जगतोय, आणि इथे घरात असून यांना अर्धा तास बसवत नाही. आणखीही बरंच बोललो. फुपीने माझं बोलणं संपू दिलं. सांदणाची ताटली माझ्यासमोर सरकवली आणि मग म्हणाली, "तो नाय आयकत. तू हा मशीन लावून गेलास तवापासना एकदाबी नाय आयकलान. आवाज घासतो म्हणतो. पोराला पुरला पायजे म्हणून ठेवलान."

मला आधी कळलंच नाही. मग फुपीने सगळं सांगितलं. दोह्याला असताना अब्बांकडे अम्मीची एक कॅसेट होती, ते तिकडे गेल्यावर तिने भरलेली पहिली. ती त्यांनी इतक्या वेळा लावली की वर्षभरात तिचा आवाज जाडाभरडा झाला, कोणा दुसऱ्याच बाईचा वाटायला लागला, आणि एक दिवस टेप गुंडाळून तुटली. बॅगेत चौदा कॅसेटी का होत्या याचं हेही एक कारण होतं. पंधरावी त्यांनी ऐकून संपवली होती. त्यानंतर ते कॅसेट मोजून ऐकायला लागले. आणि मग मी येऊन सांगितलं होतं की या मशीनमध्येही तबकडी आहे, ती फिरते, आणि तिच्यावर सुई फिरते.

त्यांनी हिशोब बरोबर केला होता. सुई फिरली की घासणार. पोरगा परदेशात आहे, त्याला आयुष्य काढायचंय, त्याला जास्त लागणार. म्हणून शुक्रवारी अर्धा तास, त्याहून जास्त नाही. मोडेमवरचा दिवा लुकलुकत असला की ते समजायचे सुई चाललीय. मी मासळी आणायला जायचो तेव्हाही तो दिवा लुकलुकत असायचा, आणि हा माणूस घड्याळाकडे बघत मशीनसमोर बसून असायचा. पाच वाजले की वायर काढायचा. आणि स्वतःच्या वाट्याचं त्याने ऐकणंच बंद केलं होतं. चौदा कॅसेटी कपाटात होत्या, टेपरेकॉर्डर चांगला होता, पण त्याही नाही. मशीनमधलं संपलं तर पोराला परत भरायला त्या लागतील.

मी बागेत गेलो. ते काजूखाली उभे होते, काही करत नव्हते. म्हटलं, अब्बा, आत चला, एक दाखवायचंय. आले. मी त्यांना स्क्रीनसमोर बसवलं, एक नंबरची फाईल धरली आणि तिची नक्कल काढली. दोन सेकंद लागले. एकाच्या दोन झाल्या. मग चार केल्या, मग आठ. प्रत्येक थोडी थोडी लावून दाखवली, अगदी आवाज बारीक ठेवून. म्हटलं, हा आवाज घासत नाही. कॅसेटसारखं नाही हे. सुई तबकडीला शिवतसुद्धा नाही. हजार वेळा ऐका, लाख वेळा ऐका, आज आहे तसाच राहतो.

"आनी किती बी होतात?"

"किती बी."

त्यांनी स्क्रीनवरच्या आठ सारख्या नावांवरून बोट फिरवलं, मोजल्यासारखं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "म्हंजे दोन वर्सं मी उगाच आयकलं नाय?"

 भिंतीवर माझा कागद होता. कुठली वायर कुठे, कुठलं बटण आधी, दिवा लाल झाला तर काय करायचं, सगळं आकडे घालून लिहिलेलं. साहेब लोकांना मी तासन्‌तास समजावलं होतं की फायली कशा सुरक्षित राहतात, नकला कशा असतात. बापाला सांगायचं राहिलं, कारण त्याला काही शंका असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. तो विचारायचा नाही आणि मी शहाणा. मी म्हटलं, चूक माझी आहे अब्बा. ते म्हणाले, असू दे, आता लाव.

मी एक नंबर लावली. पहिल्यांदा मोठ्याने, स्पीकरवर. फुपी दारात येऊन उभी राहिली. खरखर झाली, अम्मीने घसा साफ केला आणि म्हणाली, अस्सलाम आलैकुम. अब्बा खुर्चीत सरळ झाले आणि माणूस समोर असावा तसे म्हणाले, वालैकुम सलाम. पण त्यांचा वालैकुम पुरा व्हायच्या आत अम्मी रातांब्यांवर आली होती. ते थांबले. पुढे तिने विचारलं, जेवण वेळेवर होतं ना? त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात ती कुंपणावर. मग विचारलं, अंगात ताप होता तो गेला का? आणि लगेच, लाईटवाला येऊन गेला.

तीन-चार वेळा असं झाल्यावर अब्बांनी हात वर केला. मी बंद केलं.

"अशी नव्हती बोलत," ते म्हणाले. "मी जवाब देईपर्यंत थांबायची ती."

मला माहीत होतं ते थांबणं कुठे गेलं. कॅसेटी उतरवल्यावर मी त्या साफ केल्या होत्या. खरखर कमी केली होती, आणि मग एक बटण असतं, ते दाबलं की बोलण्यामधल्या रिकाम्या जागा कापून जातात. फायली आटोपशीर होतात, लाईनवर भार कमी पडतो. मला ते सगळं नुसतं रिकामं वाटलं होतं. अम्मी प्रत्येक प्रश्न विचारून थांबायची आणि तिथे दोह्यात अब्बा तिला मोठ्याने उत्तर द्यायचे. खोलीतले लोक हसायचे म्हणे. पंधरा वर्षं त्यांनी त्या जागांमध्ये संसार केला होता आणि मी तो एका बटणात काढून टाकला होता.

हेही सांगावं लागलं. सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, उठले, कपाट उघडलं आणि कॅसेटींचा डबा माझ्यापुढे आणून ठेवला.

उरलेली सुट्टी मी त्यातच घालवली. चौदाच्या चौदा परत उतरवायला घेतल्या, या वेळी काही साफ न करता, खरखरीसकट आणि गप्प बसण्यासकट. बी बाजूला पहारा होताच. अकरा नीट उतरल्या. तीन कॅसेटींना आमच्या हवेने बुरशी धरली होती, त्या काही केल्या फिरल्या नाहीत. त्यांच्या फक्त माझ्या जुन्या, कापलेल्या फायली राहिल्या आहेत, आणि त्यांच्यात अम्मी विचारत सुटते आणि कोणासाठी थांबत नाही.

आता दरड पडत नाही. बोगदा आठवडाभर उघडा असतो. फुपी सांगते, अब्बा रोज असरच्या नमाजानंतर एक कॅसेट लावतात आणि तासभर त्यांचं बोलणं चालतं. सुट्टीत मी ते ऐकलंही आहे, बाहेर पडवीत बसून. जेवण झालं, ताप उतरला, हो, कुंपणाचं बघतो. क्रम पाळून सगळ्या लावतात, त्या तीनही. पण त्या तीन लागल्या की जवाब देत नाहीत, नुसते मान हलवत ऐकत राहतात. एकदा मी म्हटलं, अब्बा, त्या काढून टाकू का, माझ्यामुळे खराब झाल्यात त्या. त्यांना ते आवडलं नाही.

"खराब कशानं?" म्हणाले. "त्या रोजी घाईत व्हती ती."